कॅमेऱ्याचा उतारा कोणाच्या नावावर? स्मार्ट घरातली माहिती सांभाळण्याची रीत

मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला आणि शहापुरातल्या किंवा खानापूरजवळच्या घरात आईवडील दोघेच. बेळगाव भागातल्या कितीतरी घरांत पहिला कॅमेरा बसतो तो असा, काळजीपोटी. मग अंगणात दुसरा येतो, दाराला स्मार्ट बेल लागते, सोप्यात बोलणारा स्पीकर येतो. बसवणारा माणूस दोन-तीन तासांत वायर ओढतो, स्वतःच्या मोबाइलवर अ‍ॅप उघडतो, चित्र दाखवतो, मुलाच्या फोनवर ‘शेअर’ करतो आणि जातो. घरच्यांना वाटतं काम झालं. पण अ‍ॅपच्या नोंदीत त्या कॅमेऱ्याचा मालक तो बसवणारा असतो. तुम्ही फक्त पाहुणे.

जमीन घेताना आपण उतारा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघतो, ताबा नंतर. घरातल्या प्रत्येक स्मार्ट वस्तूलाही असा एक उतारा असतो. तिचं खातं कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या मोबाइल नंबरवर उघडलं आहे, हाच तो उतारा. राउटर, पासवर्ड, परवानग्या यांची कामं त्यानंतर येतात, म्हणून सुरुवात खात्यापासून करू. (अ‍ॅपचे मेन्यू इंग्रजीत असतात. पडद्यावर जी नावं दिसतात तीच इथे दिली आहेत. आवृत्तीप्रमाणे एखादा शब्द मागेपुढे होईल.)

खातं आपल्या नावावर करणं

घरातल्या वस्तूंसाठी एक वेगळा ईमेल उघडा. बँकेचा किंवा नोकरीचा ईमेल इथे वापरू नका. पासवर्ड लांब हवा, किमान १४ अक्षरांचा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन अक्षरांत लिहून मध्ये आकडा घातला की तो लक्षातही राहतो: कुंदा, विहीर, सायकल, छत्री अशा धर्तीवर, मात्र हेच शब्द घेऊ नका. आडनाव, घर नंबर, गाडीचा नंबर, मुलांची जन्मतारीख यांतलं काहीही नको. ओळखीच्या माणसाला हे सगळं आधीच ठाऊक असतं, आणि घरगुती कॅमेऱ्यात डोकावणारा पुष्कळदा ओळखीतलाच निघतो.

मग दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. अ‍ॅपमध्ये तिचं नाव ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ असतं. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप चांगलं, आणि आपल्या भागात त्याला एक खास कारण आहे. पुष्कळांकडे एक सिम कर्नाटकातलं आणि एक कोल्हापूर-चंदगडकडे घेतलेलं असतं. त्यातलं एक रिचार्जविना पडून राहतं आणि शेवटी बंद होतं. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. तुमच्या कॅमेऱ्याचं खातं त्या नंबरवर असेल तर ‘फर्गॉट पासवर्ड’चा ओटीपी त्या नव्या माणसाच्या फोनवर जाईल. म्हणून सिम सोडायच्या आधी त्यावरची सगळी खाती दुसऱ्या नंबरवर घ्या.

कॅमेरा आधीच बसलेला असेल तर अ‍ॅपमध्ये त्या वस्तूच्या सेटिंगमध्ये जा. तिथे ‘शेअर्ड बाय’ किंवा ‘शेअर्ड फ्रॉम’ असं दिसलं तर मालक दुसरा आहे. त्याला त्याच्या खात्यातून ती वस्तू ‘डिलीट डिव्हाइस’ करून सोडायला सांगा. तो समोर असतानाच हे करवून घ्या. नंतर कॅमेऱ्याचं रिसेट बटण ५ ते १० सेकंद दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागला की आपल्या खात्यात नव्याने जोडा.

इथे फसगत होते ती अशी. नुसतं रिसेट केलं की वस्तू मोकळी होते, असं लोक समजतात. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरवर ती अनुक्रमांकानुसार जुन्या खात्याशी बांधलेलीच राहते. नव्याने जोडू गेलं की ‘ऑलरेडी बाउंड’ असा संदेश येतो. बसवणारा फोन उचलत नसेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेला बिल आणि मागच्या स्टिकरचा फोटो पाठवून बांधणी सोडवून घ्यावी लागते. बिलावर अनुक्रमांक नसेल तर हे काम रखडतं. म्हणून बिल घेतानाच त्यावर प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचा) अनुक्रमांक लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊ नका.

त्या स्टिकरवरचा क्यूआर कोड आणि त्याखालचा व्हेरिफिकेशन कोड म्हणजे घराची किल्लीच. तो फोटो कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय बसवणाऱ्यांमध्ये दिसते. नम्रपणे पण स्पष्ट सांगा, फोटो काढू नका. काढलाच तर समोर पुसून घ्या, ‘डिलीटेड’ फोल्डरमधूनही.

डीव्हीआर किंवा एनव्हीआर (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांसाठीची तशीच पेटी) असेल तर त्याचं ‘अ‍ॅडमिन’ खातं वेगळं असतं. कामाच्या गडबडीत सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड दिला जातो. त्यातल्या एका घराला तो कळला की सगळ्यांची दारं उघडी. मेन्यूत ‘यूजर’ उघडा, अनोळखी नावं काढा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. पडद्यावर बोटाने किंवा माउसने काढायचा नक्षीचा लॉक वेगळा असतो. पासवर्ड बदलला म्हणजे तोही बदलला असं समजू नका, दोन्ही तपासा. पासवर्ड विसरल्यावरची सोडवणूक ज्या ईमेलवर जाते तो ईमेलही आपला आहे ना, ते बघा.

घरच्या इतरांना बघायला द्यायचं तर मुख्य पासवर्ड देऊ नका. प्रत्येकाला आपापलं खातं उघडायला सांगून ‘शेअर’ने जोडा आणि परवानग्यांत फक्त ‘लाइव्ह व्ह्यू’ ठेवा. जुनं रेकॉर्डिंग बघणं, आवाज ऐकणं, कॅमेरा फिरवणं या परवानग्या वेगळ्या असतात आणि सगळ्यांना त्या लागत नाहीत. कोणी घर सोडलं, नातं बदललं, गडी-माणूस बदलला की ती यादी त्याच दिवशी तपासा.

चित्र राहतं कुठे

घरातल्या चित्राला राहायला तीन जागा आहेत: कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड, घरातल्या डीव्हीआरची हार्ड डिस्क किंवा कंपनीचा क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण. किती जागा लागते ते दुकानदारावर सोडू नका, हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करत असेल तर तासाला ०.४५ जीबी आणि दिवसाला १०.८ जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सहा दिवसांच्या आत भरतं आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. साध्या १०८०पी चित्राला २ मेगाबिट ठेवले तर चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६.४ जीबी होतात आणि १ टीबीची डिस्क अकरा दिवस पुरते. ‘एच.२६५’ (चित्र जास्त दाबून साठवायची पद्धत) निवडून वेग १ मेगाबिटवर आणला तर तीच डिस्क बावीस-तेवीस दिवस चालते. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं ठेवलं तर त्याहून जास्त.

आमचं मत स्पष्ट आहे: घरासाठी १० ते १५ दिवस पुरे. चोरी, भांडण, गाडीला धक्का, जे काही असेल ते आठवड्याभरात कळतंच. तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग म्हणजे कोण कधी बाहेर जातं, दूधवाला कधी येतो, घर कधी रिकामं असतं याची वही कोणाच्या तरी हाती लागण्याची वाट बघत ठेवणं. डीव्हीआरमध्ये ‘एक्स्पायर्ड टाइम’ नावाचा पर्याय असतो. तिथे दिवस भरले की जुनं आपोआप पुसलं जातं.

कार्ड घ्यायचंच तर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या. मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहिण्याने खराब होतं आणि नेमक्या गरजेच्या दिवशी रिकामं निघतं. घरगुती कॅमेऱ्यातल्या कार्डावरचं चित्र पुष्कळदा कुलूपबंद नसतं. कॅमेरा काढून नेणारा ते लॅपटॉपवर सरळ बघू शकतो. म्हणून हाताच्या उंचीवरच्या कॅमेऱ्यात कार्डावर भरवसा नको. डीव्हीआर माडीवर किंवा कुलुपाच्या कपाटात ठेवा, मात्र मागून हवा खेळायला जागा सोडा.

क्लाउड सोयीचा आहे. कॅमेरा चोरीला गेला तरी चित्र राहतं. पण चोवीस तास १ मेगाबिटने वर पाठवायचं तर महिन्याला ३२४ जीबी जातात, त्यामुळे क्लाउड फक्त हालचालीच्या चित्रांसाठी ठेवा. दुसरी गोष्ट, मोठी कंपनी म्हणजे निर्धोक असंही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कॅमेरा कंपनीवर ठपका ठेवला की कर्मचारी ग्राहकांच्या घरांतली चित्रं बघू शकत होते. ते प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ कंपनीची सेवा बंद पडून पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे १३ हजार जणांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची छोटी चित्रं दिसली. क्लाउड घेतलात तर त्यात झोपायच्या खोलीचं चित्र कधीच जाऊ देऊ नका. अ‍ॅपमध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ किंवा ‘व्हिडिओ एन्क्रिप्शन’ असेल तर चालू करा आणि त्याचा कोड कागदावर लिहून ठेवा. कोड हरवला तर जुनं चित्र कायमचं गेलं, कंपनीलाही ते उघडता येत नाही.

राउटर: अर्धा तास, एकदाच

फोन घरच्या वाय-फायवर ठेवून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. न उघडल्यास १९२.१६८.०.१ बघा, किंवा राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो. आत गेल्यावर क्रमाने ही कामं करा.

१. राउटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो. केबलवाल्याने दिलेल्या राउटरवर गल्लीभर एकच पासवर्ड असण्याचा संभव असतो. राउटर तो बदलू देत नसेल तर केबलवाल्यालाच फोन करून बदलून मागा.

२. वाय-फायचं नाव बदला. नावात आडनाव आणि घर नंबर असेल तर रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणतं वाय-फाय कोणाचं ते कळतं.

३. सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ मिश्र निवडा. निव्वळ ‘डब्ल्यूपीए३’ ठेवलं तर जुने बल्ब आणि प्लग जोडले जाणार नाहीत.

४. ‘डब्ल्यूपीएस’ (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय) बंद करा.

५. ‘यूपीएनपी’ बंद करा. हे चालू असलं की घरातला कॅमेरा तुम्हाला न विचारता राउटरला सांगून बाहेरचं दार उघडून घेऊ शकतो.

६. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची (बाहेरून थेट घरातल्या वस्तूपर्यंत येणाऱ्या वाटांची) यादी रिकामी हवी आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राउटर चालवायची सोय) बंद.

पाचवं आणि सहावं काम सर्वांत महत्त्वाचं. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते अशाच उघड्या दारांतून. कंपनीने दिलेली साठेक नावं-पासवर्डांची यादी घेऊन तो दार ठोठावत फिरे, आणि लाखो यंत्रांनी आत घेतलं. त्या ऑक्टोबरात या यंत्रांच्या झुंडीने मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या.

दार खरंच बंद आहे का ते तपासायचं तर घरच्या वाय-फायवरून आपला बाहेरचा आयपी पत्ता बघून लिहून घ्या. मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान उघडलं तर दार उघडं आहे. काहीच उघडलं नाही तरी वरची सहा कामं सोडू नका. केबलवाला एकच पत्ता अनेक घरांना वाटून देत असेल तरी असंच दिसतं, आणि उद्या त्याने पद्धत बदलली की आडोसा जातो.

यानंतर स्मार्ट वस्तूंना वेगळं घर द्या. राउटरमधलं ‘गेस्ट नेटवर्क’ २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा, ‘अलाउ गेस्ट्स टू अ‍ॅक्सेस लोकल नेटवर्क’ बंद ठेवा आणि कॅमेरे, बल्ब, प्लग, स्पीकर त्यावर न्या. लॅपटॉप आणि बँकेचं अ‍ॅप असलेले फोन मुख्य वाय-फायवर. एखाद्या स्वस्त कॅमेऱ्यात कोणी घुसलं तरी तो घुसखोर लॅपटॉपपर्यंत पोचत नाही.

यात दोन अडचणी येतात. टीव्ही गेस्टवर आणि फोन मुख्यवर असेल तर फोनचं चित्र टीव्हीवर टाकता येत नाही. तेवढ्यापुरता फोन गेस्टवर घ्या. दुसरी, गेस्ट नेटवर्कवरच्या वस्तू पुष्कळदा एकमेकींनाही बघू शकत नाहीत, त्यामुळे वाय-फाय कॅमेरा एनव्हीआरला सापडत नाही. एनव्हीआर असेल तर कॅमेरे त्याला वायरनेच जोडा.

आणि गणपतीत मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की पहिला प्रश्न वाय-फायच्या पासवर्डचा असतो. वस्तूंचं गेस्ट नेटवर्क त्यांना देऊ नका. ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणाऱ्या) राउटरवर बहुधा ५ गिगाहर्ट्झचं गेस्ट वेगळं चालू करता येतं. ते पाहुण्यांसाठी ठेवा आणि गौरी-गणपती झाले की बंद करा.

कॅमेऱ्याची नजर

आपल्या गल्ल्यांत समोरचं दार दहा-बारा फुटांवर असतं. दारावर लावलेला कॅमेरा सहज समोरच्याचा सोपा आणि उंबरा टिपतो. जुन्या घरांत न्हाणी परड्याच्या बाजूला असते, म्हणून मागच्या भिंतीवरचा कॅमेरा विचार करूनच लावा. कॅमेरा आठ-नऊ फुटांवर, नजर खाली झुकवून, आपल्या पायरीवर आणि फाटकावर येईल असा बसवा. तरी शेजाऱ्याची खिडकी येत असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ उघडून त्या जागेवर काळा चौकोन ओढा. हा चौकोन रेकॉर्डिंगमध्येही राहतो, नुसता पडद्यावर नाही. शेजाऱ्याला बोलावून आपल्या फोनवर चित्र दाखवा. पुढची पुष्कळ भांडणं त्या पाच मिनिटांत टळतात. फिरणारा कॅमेरा असेल तर मास्क कॅमेऱ्याबरोबर सरकतो की जागेवर राहतो ते फिरवून बघा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. संमतीविना कोणाच्या खासगी अवयवांचं चित्र टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईचं खासगी क्षणातलं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येतं. विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनी हे नीट ध्यानात घ्यावं: जिना आणि फाटक ठीक, पण भाडेकरूच्या दाराच्या आत नजर जाता कामा नये, आणि कॅमेरा आहे हे भाडेकराराच्या कागदात लिहा.

आवाजाचं रेकॉर्डिंग बंदच ठेवा. ‘ऑडिओ’ किंवा ‘मायक्रोफोन’ हा पर्याय बहुतेक कॅमेऱ्यांत पहिल्यापासून चालू असतो. चोर पकडायला चित्र पुरतं. आवाजाने मात्र दारात उभं राहून बोललेलं सगळं, व्याजाचे व्यवहार, सोयरिकीच्या गोष्टी साठत जातात.

आईवडिलांसाठी घरात कॅमेरा लावताना त्यांना विचारा. नुसतं ‘तुमच्यासाठीच लावतोय’ म्हणू नका. कुठे, का आणि कोण कोण बघणार ते सांगा. सोप्यात आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठीक, झोपायच्या खोलीत नको. आजारपणामुळे लावावाच लागला तर झाकण पडणारा, म्हणजे शटर असलेला कॅमेरा घ्या. नाहीतर तो साध्या बटणाच्या प्लगवर लावून बटण आईच्या हाताशी ठेवा. कपडे बदलताना तिला तो स्वतः बंद करता यायला हवा. अ‍ॅपमध्ये वेळापत्रक लावून दुपारच्या झोपेची वेळही बंद ठेवता येते.

स्पीकर आणि टीव्ही

बोलणारा स्पीकर नाव ऐकलं की पुढचं वाक्य कंपनीला पाठवतो. मराठी बोलण्यातला एखादा शब्द त्याला आपल्या नावासारखा वाटला तर नको ते वाक्यही जातं. अलेक्सा अ‍ॅपमध्ये ‘मोअर’, मग ‘अलेक्सा प्रायव्हसी’, मग ‘मॅनेज युअर अलेक्सा डेटा’ असं जा. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं ते तिथे ठरतं. ‘डोन्ट सेव्ह रेकॉर्डिंग्ज’ निवडा, नाहीतर तीन महिने. माणसांकडून रेकॉर्डिंग तपासून घेण्याची परवानगी तिथेच असते, ती काढा. गूगलमध्ये खात्याच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’त ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ उघडा, ‘व्हॉइस अँड ऑडिओ’ची खूण काढा आणि ‘ऑटो-डिलीट’ तीन महिन्यांवर ठेवा. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं न पुसल्याच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, तेव्हा अधूनमधून इतिहास उघडून तो पुसला गेलाय ना ते बघत जा. घरात पैशांचं किंवा जमिनीचं बोलणं चालू असेल तेव्हा स्पीकरवरचं माइक बंद करायचं बटण दाबा. इकोवर लाल दिवा लागतो.

टीव्हीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पुष्कळ स्मार्ट टीव्ही पडद्यावरचं चित्र थोड्याथोड्या वेळाने ओळखून तुम्ही काय बघता ते कंपनीला कळवतात. सेट-टॉप बॉक्समधून आलेलं चित्रही त्यातून सुटेलच असं नाही. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ बंद करा. अँड्रॉइड टीव्हीवर ‘यूसेज अँड डायग्नॉस्टिक्स’ बंद करून जाहिरातीचा आयडी पुसा.

पावसाळा, बल्ब आणि बाकीचं

खानापूर-बेळगावचा पावसाळा म्हणजे लाइट जाऊन-येऊन राहणार. पुष्कळ स्मार्ट बल्ब तीन ते पाच वेळा भराभर बंद-चालू झाले की रिसेट होऊन जोडणीच्या अवस्थेत जातात आणि लुकलुकत राहतात. हेस्कॉमचा वीजपुरवठा तसा हेलकावला की बल्ब आपोआप ‘मोकळा’ होऊ शकतो. बल्ब लुकलुकताना दिसला तर त्याच संध्याकाळी परत जोडा, नाहीतर बटण बंद ठेवा. राउटरला छोटा यूपीएस लावला तर राउटर दर वेळी बंद पडत नाही.

लाइट जाण्याचा दुसरा फटका डीव्हीआरच्या घड्याळाला. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंग चुकीच्या वेळेचं होतं. ‘एनटीपी’ (इंटरनेटवरून वेळ लावून घेणं) चालू करा, वेळपट्टा अधिक ५:३० ठेवा आणि महिन्यातून एकदा पडद्यावरची वेळ फोनशी ताडून बघा.

स्मार्ट प्लग आणि गीझरच्या स्विचांच्या नोंदींतून घरात कोण कधी असतं ते कळतं. झाडू मारणारा रोबो घराचा नकाशा काढतो. तो नकाशा क्लाउडवर न ठेवण्याचा पर्याय असेल तर तोच घ्या. स्मार्ट कुलपात कामवाल्या मावशींना कायमचा कोड न देता वेळ ठरवलेला कोड द्या.

फोनवरच्या अ‍ॅपला ठिकाणाची परवानगी का लागते, हा प्रश्न बऱ्याचदा येतो. जुन्या अँड्रॉइडमध्ये आजूबाजूचं वाय-फाय शोधायला ती लागतेच, तेराव्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘निअरबाय डिव्हाइसेस’ वेगळी परवानगी आहे. जोडणी करताना ‘व्हाइल यूझिंग द अ‍ॅप’ द्या, काम झालं की काढून घ्या. कॉन्टॅक्ट्स आणि एसएमएसची परवानगी मागणारं बल्बचं अ‍ॅप ठेवू नका.

घेताना काय बघायचं

नाव नसलेला कॅमेरा हजार रुपयांनी स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. असे कॅमेरे एका ठरावीक क्रमांकावरून इंटरनेटवर सापडतात. २०१९ मध्ये अशाच एका व्यवस्थेत क्रमांक अंदाजाने काढता येतात असं उघड झालं आणि वीस लाखांहून जास्त वस्तू धोक्यात होत्या. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-क्रमांक बघा आणि ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून खात्री करा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट लागू आहे, त्या चाचणीबद्दल दुकानदाराला विचारा. फर्मवेअरचं (वस्तूच्या आतल्या प्रोग्रामचं) शेवटचं अपडेट कधी आलं ते कंपनीच्या पानावर दिसतं. दोन वर्षं काहीच आलं नसेल तर ती वस्तू नको. इंटरनेट बंद केल्यावरही बल्ब, प्लग चालतील अशी रचना हवी असेल तर ‘मॅटर’ची खूण असलेल्या वस्तू घ्या. ही प्रणाली २०२२ मध्ये आली आणि तिच्या वस्तू घरातल्या घरात एकमेकींशी बोलू शकतात.

पोलिसांनी चित्रं मागितली तर

तोंडी मागणीवर डीव्हीआर उचलून देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालची लेखी नोटीस मागा आणि नेमक्या तारखेचा, वेळेचा भागच ‘बॅकअप’ने पेनड्राइव्हवर काढून पोच घेऊन द्या. पडद्याचं मोबाइलवर काढलेलं चित्रण पुरावा म्हणून लंगडं पडतं, मूळ फाइलच द्या. कोर्टासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) असते आणि दोन भाग असतात: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा. घटना कळली की आधी तेवढा भाग कॉपी करून ठेवा, अकरा दिवसांची डिस्क कोणासाठी थांबत नाही.

विकताना, बदलताना आणि गडबड झाल्यावर

वस्तू देऊन टाकायच्या आधी क्रम हा ठेवा: अ‍ॅपमधून ‘डिलीट डिव्हाइस’, मग फॅक्टरी रिसेट, मग कार्ड काढणं. डीव्हीआर दुरुस्तीला देताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, बदलली तर जुनी परत मागा. ‘फॉरमॅट’ केलेल्या डिस्कवरून चित्र परत काढता येतं, तेव्हा निकामी डिस्क भंगारात देण्याआधी तिला ड्रिलने आरपार भोकं पाडा.

कंपनीकडून आपली माहिती बघायला, दुरुस्त करून आणि पुसून मागायचा हक्क डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ ने दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. एक मर्यादा आहे: व्यक्तीने निव्वळ घरगुती कामासाठी वापरलेली माहिती या कायद्याबाहेर राहते, म्हणून शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याची तक्रार याखाली जाणार नाही.

कॅमेरा आपोआप फिरला, त्यातून अनोळखी आवाज आला, लॉगिनच्या यादीत नको तो फोन दिसला, तर पहिलं काम वायर काढण्याचं. मग दुसऱ्या फोनवरून खात्याचा पासवर्ड बदला, ‘लॉग आउट फ्रॉम ऑल डिव्हाइसेस’ करा, लॉगिनच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या आणि त्यानंतरच रिसेट करा. आधी रिसेट केलं तर वस्तूतल्या खुणा पुसल्या जातात. कोणी चित्रं दाखवून पैसे मागत असेल तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंदवता येते किंवा जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीच्या) पोलीस ठाण्यात. तिथे जाताना बिल, अनुक्रमांक, खात्याचा ईमेल आणि स्क्रीनशॉटची छापील प्रत बरोबर न्या.

म्हणून घरातल्या प्रत्येक वस्तूसाठी वहीचं एक पान करा: नाव, अनुक्रमांक, खात्याचा ईमेल, मोबाइल नंबर, कोणाकोणाला शेअर केलं, पासवर्ड शेवटचा कधी बदलला. पासवर्ड स्वतः त्यात लिहू नका, तो वेगळ्या पाकिटात ठेवा. ही वही घराच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवा, उताऱ्याच्या शेजारी, आणि ती कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगा.